जुळणारं इंजिन

बंडोपंत लोहारांनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत तेल चोळलं, हुंगलं आणि माझ्याकडं न बघता आप्पांना म्हणाले, “इंजिन बसलं, आप्पा.”

“बसलं तर उठवा की. त्यासाठीच बोलावलंय तुमास्नी.”

“हे उठायचं न्हाई. ऑइलात पाणी गेलंय, पिस्टन धरून बसल्यात. दुसरं इंजिन बघाय लागंल.”

श्रावणातल्या धुक्यात, आंबा घाटाच्या वळणावर आमची गाडी कडेला उभी होती. पुण्याच्या पाहुण्यांना दुसऱ्या जीपनं पुढं धाडलं होतं. आमची गाडी साधीसुधी नव्हती. परदेशी कंपनीची, चारही चाकांनी ओढणारी, आत चामड्याच्या खुर्च्या आणि दगडाधोंड्यांतूनही पोटातलं पाणी हलू न देणारी. आंब्यात, जंगलाच्या कडेला आमचं पर्यटकांसाठी चार खोल्यांचं निवास आहे. या गाडीत बसून वर कातळावर जायचं म्हणून माणसं लांबून येऊ लागली होती. गाडी जुनी होती, घेतली होती माझ्या थोरल्या बहिणीच्या, वैजूआक्काच्या नवऱ्याकडून. विश्वजीतदाजींचा कऱ्हाडला जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा. गुढीपाडव्याला गाडी आमच्या दारात आली आणि दिवाळी बघायच्या आत बसली.

“सासऱ्याला टोपी घातली जावयानं,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, जुनी गाडी हाय. कवाबी कायबी हुतंय. दाजी असं करायचे न्हाईत.”

“तू गप रे धैर्यशील. दूधवाल्याच्या किटलीत बोट घालून बघणारा तू, आन दाजी म्हटलं की डोळं झाकतोस.”

त्यात खोटं काही नव्हतं. मी जन्माचा संशयी माणूस. हॉटेलातल्या बिलाची बेरीज दोनदा करतो, पंपावर खाली उतरून काटा शून्यावर आलाय का ते बघतो. पण दाजींची गोष्ट वेगळी. आक्काच्या लग्नात कान पिळायची पाळी आली तेव्हा माझा हात त्यांच्या कानापर्यंत पोचेना. सगळे हसत होते. दाजींनी मला भर मांडवात कडेवर उचललं आणि म्हणाले, “पीळ आता, जोरात पीळ.” त्या दिवसापासून मी त्यांचा होतो.

बॉनेट खाली घेताना बंडोपंत आणखी एक वाक्य पुटपुटले. “ह्या नटांस्नी पाना लागलेला दिसतोय. इंजिन आदी कवातरी खाली उतरलंय.”

आप्पांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं आणि माझा संशय तडक बंडोपंतांवर आला. सासऱ्या-जावयात काडी टाकायची आणि आपलं काम वाढवायचं, हा मेकॅनिकचा जुना डाव. मी त्यांना घरी चहाही विचारला नाही.

आप्पांनी त्याच संध्याकाळी दाजींना फोन लावला. उचलला आक्कानं.

“तुज्या नवऱ्याला म्हणावं, माज्या उंबऱ्याला पाय लावू नगंस,” आप्पा ओरडले. पलीकडून तिनं ‘आणि मी?’ असं विचारलं असावं, कारण आप्पा म्हणाले, “तू कुठल्या बाजूची ते तूच ठरीव.”

त्या भाद्रपदात आक्का गौरीला आली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आता आक्काच्या पावलांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात तो कायमचा चेष्टेचा विषय होता. लहानपणापासून गौरीची पावलं रांगोळीनं काढायची ती आक्काच, उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत, आणि झाडून सगळी डावी. अंगठा कायम एकाच बाजूला. “गौर काय लंगडी घालत येणाराय व्हय गं?” असं आई दर वर्षी विचारायची आणि आक्का दर वर्षी म्हणायची, “मला डावंच जमतं.” लग्नानंतर तीच पावलं ती दाजींच्या गाड्यांवर काढू लागली. नवी जुनी गाडी दारात आली की बॉनेट उघडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि इंजिनाच्या कडेला नेलपॉलिशनं दोन चिमुकली पावलं उमटवायची. कुंकू धुऊन जातं म्हणून नेलपॉलिश. तीही दोन्ही डावीच. दाजी गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या गाड्या लक्ष्मीच्या पायाच्या हायत, फक्त लक्ष्मीला उजवा पाय न्हाई.”

त्या वर्षी पावलं आईनं काढली. एक डावं, एक उजवं, रीतसर. आप्पांनी ती बघितली, चष्मा पुसला आणि जेवताना अर्ध्या भाकरीवरून उठले.

“इंजिन आण कुठनंबी,” आईनं मला मागच्या दाराला गाठून सांगितलं. “गाडी चालू झाली की ह्यांचा राग उतरंल. भाऊबीजेला माजी पोरगी ह्या घरात आली पायजे. नाहीतर ती पुन्हा यायची न्हाई, मी ओळखते तिला.”

असा मी इंजिनाच्या मागं लागलो. मला वाटलं होतं, इंजिन म्हणजे इंजिन, पैसे टाकले की मिळतं. पण या गाडीच्या जातीत कंपनीनं दोन तऱ्हेची डिझेल इंजिनं बसवली होती. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाचं दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पंप भलत्या बाजूला येतो, इंजिन ज्यांवर टेकतं ते खालचे पाय जुळत नाहीत आणि एवढं करून बसवलंच तर इंजिनाची कॉम्प्युटरची पेटी गाडीच्या चावीला ओळख देत नाही. पुण्याच्या एकानं इंजिनाचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एकानं तोच फोटो पाठवला, पाठीमागं तेच मांजर बसलेलं. तिसरा म्हणाला, दुबईहून कंटेनर निघालाय, आगाऊ पैसे टाका. मी म्हटलं, कंटेनर येऊ दे, मग बघू. तो कंटेनर अजून समुद्रातच असावा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बंडोपंतांचाच फोन आला. “शिरोलीच्या रस्त्याला दस्तगीर बागवानाचं भंगाराचं आवार हाय. त्याच्याकडं असल्या गाडीचं एक पडलंय म्हणं.”

“तुमाला त्यात किती मिळणार?” मी विचारलं.

“च्या पाज. त्या दिवशीचाबी ऱ्हायलाय.”

दस्तगीरभाई पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि आवाराच्या कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली. फळ्यांवर इंजिन ठेवलेलं होतं, वायरिंगसकट, पेटीसकट, अंगभर तेलाची आणि धुळीची खरपुडी. बंडोपंत त्याच्याभोवती तीनदा फिरले. वाकून बघितलं, टेप लावून बघितलं, पट्ट्याची फिरकी हातानं फिरवून बघितली. ती मऊ फिरली.

“जुळतंय,” ते म्हणाले. “पंप त्याच बाजूला, पाय तेच, पेटी तीच. इतकं जुळतंय की लग्नातल्या पत्रिका जुळत न्हाईत इतक्या.”

मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. महाराष्ट्रभर हुडकून जे मिळत नव्हतं ते घरापासून दोन तासांवर ताडपत्रीखाली आयतं पडलेलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“कुठल्या गाडीतलं?” मी विचारलं.

“आपल्याच भागातली.”

“अपघातातली?”

“न्हाई.”

“मग चोरीची?”

दस्तगीरभाई खुर्चीतून उठले. “मालक, माज्या आवारात चोरीचा खिळा घावला तर ही दाढी उतरवून देतो. हे इंजिन माजं न्हाई, इकायला ठेवलेलं हाय. ज्यानं ठेवलंय त्यानं नाव सांगू नका म्हटलंय आन मी हां म्हटलंय. तुमास्नी पटलं तर घ्या.”

“नाव लपवतोय म्हणजे सरळ माणूस नव्हं.”

“ते त्याला इचारा.”

“नाव सांगा, इचारतो.”

बंडोपंत हसायला लागले. मला हसू येत नव्हतं. मी भाव विचारला. भाव ऐकून घासाघीस सुरू केली, दस्तगीरभाई ढिम्म हलेनात. शेवटी म्हणाले, “थांबा. ज्याचं हाय त्यालाच इचारतो,” आणि फोन कानाला लावून लिंबाच्या झाडाखाली गेले. मी टायर बघायचं सोंग करत त्यांच्या मागं सरकलो.

“हां, गिऱ्हाईक आलंय... आंब्याचं... व्हय व्हय, तसल्याच गाडीला... हॅलो?... हॅलो, ऐकू येतंय न्हवं?”

ते बराच वेळ नुसते फोन धरून उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. तुमी म्हणाल तसं.”

परत आले ते थोडे गोंधळलेले दिसले. “निम्म्यात द्या म्हणतोय. आन आजच न्यायला लावा म्हणतोय.”

“निम्म्यात? का?”

“मी जेवढं ऐकलं तेवढं सांगितलं, मालक.”

मी इतकी वर्षं बाजार करतोय, न मागता निम्म्यावर उतरलेला भाव मी तरी बघितला नव्हता. मी सरळ चालू लागलो. बंडोपंतांनी माझी बाही धरली.

“धैर्यशील, इंजिन चांगलं हाय. माझ्या हाताला कळतंय. चोरीचं वाटलं तर नंबर बघ, पोलिसात इचार, काय करायचं ते कर. पण भाऊबीज आठ दिवसांवर आलीया. तुझी आई परवा माज्या दुकानात येऊन बसली हुती.”

आई गेली होती हे मला ठाऊक नव्हतं. मी मागं फिरलो आणि पैसे मोजून दिले. टेम्पोत पुढं न बसता मागं इंजिनाशेजारी बसलो.

“आरं, वाटंत कोण बदलणाराय व्हय ते?” बंडोपंत म्हणाले.

“कुणाचा काय भरवसा?”

मलकापुरात बंडोपंतांच्या दुकानात इंजिन उतरवलं. आधी धुवायचं होतं. “मी धुतो,” मी म्हटलं. तडा, वेल्डिंगचा डाग, खोडलेला नंबर, काय लपवलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन मी बसलो. खरपुडी निघत गेली. एकीकडची बाजू झाली, ती स्वच्छ होती. दुसऱ्या बाजूला, इंजिन उचलायचा हूक असतो त्याच्या खाली, जांभळट लाल, पुसट काहीतरी दिसलं. मला वाटलं गंज. मी फडक्यानं पुसलं.

दोन पावलं होती. नखाएवढी. दोन्हींचा अंगठा एकाच बाजूला.

मी ब्रश खाली ठेवला.

“बंडोपंत, च्या सांगून येता काय? माज्याकडनं.”

ते गेले तसा मी उठलो. आमच्या गाडीतनं काढलेलं बसलेलं इंजिन दुकानाच्या मागं टाकलं होतं. त्याची तीच जागा मी खरवडली. नुसतं लोखंड होतं. मग गाडीचं पुस्तक काढून धुतलेल्या इंजिनाच्या नंबराशी ताडून बघितलं. गाडी घेताना मी चाकं बघितली होती, गिअर बघितला होता, खुर्चीची शिवण बघितली होती. इंजिनाचा नंबर बघितला नव्हता, दाजींच्या गाडीचा काय बघायचा. आता बघितला. तोच होता.

आमच्या गाडीचं इंजिन हे होतं. पाडव्याच्या आधी दाजींनी ते वेगळं विकायला उतरवून घेतलं, कुठलं तरी झिजलेलं आत बसवलं आणि गाडी सासऱ्याच्या दारात आणून लावली. ‘आंब्याचं गिऱ्हाईक’ म्हटल्यावर फोनवर गप्प झालेले तेच. निम्म्यात दिलं ते लाजेनं, की एकदाचं मिटावं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मला तिथं बसल्या बसल्या रडू आलं. ज्या माणसानं मला कडेवर घेतलं होतं त्याला मनातल्या मनात मी घाण घाण शिव्या दिल्या.

पण शिव्या देऊन काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आप्पांनी ही पावलं बघितली असती तर पोलिसात गेले असते आणि आक्काचं माहेर तिथंच संपलं असतं. एवढीच एक गोष्ट मला धडपणे कळत होती. मी कपाटातली थिनरची बाटली घेतली आणि घासायला लागलो. वरचा उरलासुरला रंग गेला. लोखंडाच्या खडबडीत शिरलेला जाईना. मी घासत राहिलो, बोटं सोलपटली, तरी दोन डाग धरून बसलेच. शेवटी वर काळं ग्रीस थापलं.

बंडोपंत चहा घेऊन आले. “इंजिनाला थिनर कशाला?”

“गंज हुता.”

त्यांनी माझ्या लाल झालेल्या बोटांकडं बघितलं, ग्रीसकडं बघितलं आणि बशीत चहा ओतून माझ्यापुढं केला. पुढं कधीही त्यांनी विचारलं नाही.

इंजिन एका दिवसात गाडीत बसवून झालं. कुठं ठोकावं लागलं नाही, कुठं कापावं लागलं नाही. एरवी इंजिन बदललं की आरटीओत खेटे घालून नवा नंबर पुस्तकात चढवावा लागतो, तोही त्रास वाचला. आप्पांनी स्वतः गाडी घाटातनं वर-खाली करून आणली आणि घरात शिरता शिरता कऱ्हाडला फोन लावला.

“पोरी, भाऊबीजेला ये. जावयालाबी घेऊन ये. माजं तोंड जरा जास्तच सुटलं. गाडीचंच नशीब तसलं, माणसाचा काय दोष.”

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दाजींशी पुन्हा जीव लावून बोलायचं नाही, पण घरात शब्द काढायचा नाही. आक्कासाठी. तिला यातलं काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तिनं भल्या मनानं पावलं काढली होती आणि नवऱ्यानं तिच्या पाठीमागं हा उद्योग केला होता. या विचारानं मला तिची फार कीव येत होती.

भाऊबीजेला ती दोघं आली. आईनं दारातच आक्काला मिठी मारली ती सोडेना. दाजी ओसरीच्या सोप्यावर बसले. मी बघितलं की नजर दारातल्या चपलांकडं न्यायचे.

“जावईबापू, चला की, इंजिन बघा. पोरानं कसं हुडकून आणलंय,” आप्पा म्हणाले.

“धैर्यशीलनं बघितलंय न्हवं? मग झालं, आप्पा.”

“बरं, पूजा तरी हुं द्या. वैजू, नव्या इंजिनाची पूजा तुज्या हातनं.”

आक्का ताट घेऊन आली. हळदकुंकू, निरांजन आणि नेलपॉलिशची बाटली. मी बॉनेट उचलून धरलं. आप्पा आणि दाजी लांब सोप्यावर होते. आक्का वाकली, कुंकू वाहिलं आणि तिचा हात सवयीनं हुकाखाली गेला. ग्रीसवर थांबला. तिनं अंगठ्यानं ते ग्रीस बाजूला केलं.

“तिथं नगं आक्का,” मी घाईनं म्हणालो. “इकडं काढ, इकडं स्वच्छ हाय.”

ती काळ्या झालेल्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “थिनरनं जात न्हाई रे ते. मीबी लई घासलं हुतं.”

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा बॉनेट हातातून सुटायचंच बाकी होतं.

“तुला ठावं हुतं?”

“उतरवलं तवा मी तिथंच हुते.”

“आन गप बसलीस? आप्पांस्नी? मला?”

“हे म्हणले, दुसरंबी चांगलं हाय, दोन-चार वर्षं सहज चालंल. ह्यांची लई अडचण हुती तवा. मी म्हटलं, चालंल.” तिनं काळा अंगठा पदराला पुसला. “मग बंद पडली. मग काय सांगू, आन कुणाला सांगू?”

“आन आप्पांनीच ही पावलं बघितली असती तर?”

“म्हणूनच घासत हुते की.”

मला तिचा इतका राग आला की ताट उधळावं वाटलं. दाजींचा आला होता त्यापेक्षा जास्त. मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला होता, ज्या मेकॅनिकनं खरं सांगितलं त्याच्यावरसुद्धा. तिच्यावर घ्यायचं माझ्या मनात आलंच नव्हतं.

“काय कुजबुज चाललीय भावा-बहिणीची?” आप्पांनी सोप्यावरून हाक दिली. “काढलीस का पावलं?”

“काढते की, आप्पा.”

तिनं बाटली उघडली. मी एका हातानं बॉनेट आणि दुसऱ्या हातानं निरांजन धरून उभा राहिलो. तिनं स्वच्छ जागा बघितली, मी दाखवलेली. पहिलं पाऊल काढलं, नेहमीसारखं डावं. दुसऱ्या पावलाची टाच काढली, ब्रश वर उचलला, थांबली. मग अंगठा पलीकडच्या बाजूला टेकवला.

आप्पा उठून आले, चष्मा सावरून वाकले आणि मोठ्यानं हसले. “आगं, उजवं जमलं की तुला! ऐकलंस का गं, पोरीला उजवं पाऊल जमलं!”

आक्काही हसली. मला तिनं ओवाळलं तेव्हा मी मान खाली घातली आणि ताटात ओवाळणी टाकली.

गाडी पुढं पुष्कळ वर्षं चालली. आप्पा त्याच गाडीत बसून शेवटच्या वेळी दवाखान्यात गेले, जावयाचं कौतुक करत. आक्का दर वर्षी येते. भाऊबीजेला येते, गौरीला येते, उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढते. एक डावं, एक उजवं, सगळी एका मापाची. आई म्हणते, गौर आता नीट चालत येते. मी दारात उभा राहून ती पावलं बघतो, आणि आक्का घरी आली असं मला वाटत नाही.